उज्ज्वलाची घाटघर गाडी

उज्ज्वला मला पहिल्यांदा नीट दिसली ती घंटीच्या दोरीला हात घालताना. दोन हजार तेराचा जून होता. माझी बदली नुकतीच घाटघरच्या शाळेत झाली होती आणि मी रोज सकाळी जुन्नरहून घाटघर गाडीनं जाऊ लागले होते. डेपोत पहिल्यांदाच बाई कंडक्टर आली आहे, एवढं कानावर आलं होतं. त्या दिवशी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ तिच्याकडे न बघताच म्हणाले, "आमचं घर थांब्याच्या पुढं हाय. कुठं थांबायचं ते मी ड्रायव्हरला सांगतो. तू नुसतं तिकीट दे."

तिनं तिकीट दिलं. मग दोरी एकदा ओढली. गाडी माळावर थांबली. तिथं ना गाव, ना वाडी.

"उतरा पावणं," ती म्हणाली.

"हितं? हितं कशाला?"

"ड्रायव्हरला सांगायचं हाय ना तुमाला? जावा पुढं, सांगा. पर माझ्या दोन घंट्या झाल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

पुढं बहिरू ड्रायव्हरनं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि मोठ्यानं सांगितलं, "मला नुसती घंटी ऐकू येती, राव. माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई."

सगळी गाडी हसली. गृहस्थ आपल्या जागेवर बसले. दोन घंट्या झाल्या आणि गाडी निघाली. उज्ज्वला मात्र हसली नव्हती. ती मागच्या काचेतून रस्ता बघत उभी होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पुढची आठ वर्षं, मी निवृत्त होईपर्यंत, मी त्याच गाडीनं गेले-आले. उज्ज्वलाचं माहेर पिंपरी पेंढारचं, घर शेतकऱ्याचं. सासर जुन्नरजवळ. नवरा दादाभाऊ दूध संकलन केंद्रावर कामाला. शांत माणूस, बायकोच्या नोकरीचा त्याला अभिमान होता, पण तो त्यानं कधी बोलून दाखवला नाही, आणि उज्ज्वलाला सगळं बोलून दाखवलेलं लागायचं. हा तिचा स्वभाव मला लवकर कळला. वर्गात काही मुली असतात, त्यांची वही तपासून नुसती बरोबरची खूण केली तर त्यांना पुरत नाही. खाली 'छान' लिहावं लागतं. उज्ज्वला तशी होती.

काम ती चोख करायची. हिरड्याचा हंगाम आला की पोती कोणाची, कुठं उतरायची, हे तिला पाठ असायचं. पोटुशी बाई चढली की ड्रायव्हरमागची जागा आपोआप रिकामी व्हायची, कारण तिथं बसलेल्या माणसाकडे उज्ज्वला नुसती बघायची. घाटघरला गाडी पोचली की चिमाबाई नावाची म्हातारी तिच्यासाठी नाचणीची भाकरी आणि ठेचा घेऊन यायची. तिकडची माणसं वेळापत्रकातलं नाव घेतच नसत. "उज्ज्वलाची गाडी आली का?" असं विचारत. हे वाक्य कानावर पडलं की ती उगाच तिकिटाच्या मशीनकडे बघायची.

डेपोत मात्र तिला बसायला जागा नव्हती. पुरुषांची विश्रांतीची खोली होती. तिथं गंजीफ्रॉक घालून ड्रायव्हर झोपलेले असत. उज्ज्वला दोन फेऱ्यांच्या मध्ये पार्सलच्या खोलीत खोक्यांवर बसायची. प्रसाधनगृहासाठी रस्ता ओलांडून एका ओळखीच्या घरी जायची. तिनं बायकांच्या खोलीसाठी अर्ज केला. एक नाही, चार केले. चारही अर्जांचा मसुदा मी बघून दिला होता, म्हणून आकडा पक्का आठवतो. पहिल्या अर्जावर उत्तर आलं, 'महिला कर्मचारी संख्या एक असल्याने तूर्त शक्य नाही.' बाकीच्या तिन्हींवर काहीच आलं नाही. पुढं दोन-तीन मुली कंडक्टर म्हणून आल्या आणि बदलून गेल्या. पहिली मात्र उज्ज्वलाच. दर आठ मार्चला नारळ आणि शाल तिला मिळायची. शाली तिनं वापरल्या नाहीत. कपाटात एकावर एक ठेवल्या होत्या. मी एकदा पाहिल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी बहिरू निवृत्त झाला आणि त्याच पावसाळ्यात डेपोत प्रतीक्षा आली.

प्रतीक्षा कळंबची. तिचे वडील हनुमंत पिकअप चालवायचे, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजाराला न्यायचे. मुलगी त्यांच्या शेजारी बसून गिअर टाकायला शिकली. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली मुलीच्या पदवीचं प्रमाणपत्र, असं ते बौद्ध कुटुंब. आजोबांची थोडी शेती, काका पोस्टात. सव्वीस वर्षांची ही पोरगी जड वाहनाचं लायसन काढून, वर्षभराचं प्रशिक्षण पुरं करून एस.टी.ची ड्रायव्हर झाली. डेपोतली पहिली.

'पहिली' हा शब्द आता दोघींचा झाला. ऐकणाऱ्याला त्यातली ड्रायव्हर जास्त मोठी वाटायची.

त्याच सुमाराला डेपोत नवे साहेब आले होते. माणूस उत्साही. कर्मचाऱ्यांना डेपो आपला वाटला पाहिजे, सगळ्या घरांतली, सगळ्या समाजांतली मुलं-मुली इथं टिकली पाहिजेत, असं ते मनापासून म्हणायचे. त्यांनी दर महिन्याला संवाद बैठक सुरू केली. सूचना पेटी लावली. एक छापील कागद वाटला. त्यात प्रश्न आणि पुढं एक ते पाच आकडे. 'आपल्या कामाची दखल घेतली जाते असे वाटते का?' हा त्यातला चौथा प्रश्न.

"तू काय लिहिलंस?" मी उज्ज्वलाला विचारलं. ती त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होती.

"पाच."

"खरंच?"

"कागद गोळा कोण करत व्हतं? गोरख कंट्रोलर. तो एकेकाचं वाचत व्हता. मी काय एक लिवू?" तिनं शेंग कचकन फोडली. "आन् बाई, बैठकीत सायेबांनी त्या पोरीचं नाव किती येळा घ्यावं? मी मोजलं. अकरा येळा. माझं एकदा. ते पण 'उज्ज्वलाताई, जरा फॅन लावा' म्हनून."

मग साहेबांनी बायकांची खोली करून घेतली. टायर ठेवायची जुनी खोली रिकामी करून तिला फरश्या बसवल्या, आरसा लावला, आतच प्रसाधनगृह केलं, बाहेर 'महिला विश्रांती कक्ष' अशी पाटी लागली. साहेबांना वाटलं, उद्घाटन नव्या चालक भगिनीच्या हातून करावं. तरुण मुलींना हुरूप येईल. फीत प्रतीक्षानं कापली. कात्रीचं तबक धरायला उज्ज्वला होती.

यात साहेबांचा काही वाईट हेतू नव्हता. ते येऊन सहा महिने झाले होते. चार अर्ज त्यांनी पाहिलेच नव्हते. आणि उज्ज्वलानं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, "मागून घेतलेल्या मानाला काय चव असती का?"

वर्तमानपत्रात फोटो आला. तिनं कात्रण आणून मला दाखवलं. प्रतीक्षा मधोमध, हसरी. उजव्या कडेला तबक धरलेले दोन हात दिसतात. बाकीची उज्ज्वला छापताना कापली गेली होती.

तेव्हापासून ती प्रतीक्षाच्या पाळतीवरच राहू लागली. प्रतीक्षा गाडीत बसायच्या आधी आरसा कसा पुसते, बूट कोणते घालते, डब्यात काय आणते, "ताई, ताई" करत मागं कशी येते, हे सगळं माझ्यापर्यंत पोचायचं. मी त्या मुलीला पाहण्याआधीच मला तिच्या बाटलीचा रंग ठाऊक होता. गोरख कंट्रोलर आगीत तेल ओतायला होताच. "काय उज्ज्वलाबाई," तो ड्युटीच्या फळ्यापाशी म्हणायचा, "तुमची गादी गेली बरं का. आता तुमी माजी पहिल्या."

एक दिवस मी तिला स्पष्टच विचारलं. "उज्ज्वला, तुला त्या मुलीचं नेमकं काय खुपतं? घर खुपतं का तिचं?"

तिला राग आला. "सासूबाई बोलल्या तसं एकदा. मी त्यांना गप केलं. तसलं न्हाई, बाई." मग तिनं सोललेल्या शेंगांच्या टरफलांचा ढीग हातानं सारखा केला. "मला चालवायची व्हती."

"काय?"

"गाडी."

हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. बायकांना ड्रायव्हर म्हणून घेणार अशी बातमी आली, तेव्हा उज्ज्वला कोणाला न सांगता एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ लागली होती. नऊ दिवस गेली. दहाव्या दिवशी सासू मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि पुढचे चार महिने घर आणि ड्युटी यातच गेले. मग वयाची मर्यादा उलटून गेली. बहिरूच्या मागं उभं राहून तिला त्या घाटाचा एकेक गिअर पाठ झाला होता. कुठं दुसरा टाकायचा, कुठं नुसता सोडायचा, ते ती झोपेत सांगेल.

"तिनं डेपोत पयला गिअर टाकला ना, की माझा पाय हितं खाली दाबला जातो," ती म्हणाली. "कुनाला दिसत न्हाई म्हनून बरं."

गेल्या वर्षी आठ मार्चला साहेबांनी एक कल्पना काढली. घाटघर गाडीवर ड्रायव्हर बाई आणि कंडक्टर बाई. महिनाभर ही जोडी, आणि नीट चाललं तर पुढंही. प्रतीक्षाच्या उमेदवारीचे तीन महिने उरले होते. तेवढे निर्वेध गेले की ती कायम होणार होती. त्या काळात तिच्या चुकीनं अपघात झाला, तर उमेदवारी लांबायची किंवा नोकरीच जायची. हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं. हनुमंतांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, पिकअप विकला होता. घर त्या पगारावर होतं.

पहिल्या दिवशी घाटघरला अख्खा गाव जमला. आरतीचं ताट, हळदीकुंकू. माणसं गाडीच्या पुढच्या बाजूला गेली. मागच्या दारातून उज्ज्वला एकटी उतरली. चिमाबाई भाकरी घेऊन आली, तिनं ती मधोमध मोडली आणि अर्धी प्रतीक्षाच्या हातात दिली.

"बारा वर्सं मी पुरी भाकर खाल्ली, बाई," उज्ज्वलानं मला सांगितलं. "त्या दिवशी अर्धी झाली. आन् म्हातारी मला म्हनती, 'उज्ज्वले, ही बघ कशी मर्दावानी चालवती. तू नुसती घंटीच वढत राह्यलीस.' समदी हसली. मी पन हसले."

घाटघरला रस्ता संपतो तिथं गाडी वळवायला जागा अपुरी आहे. गाडी मागं घेत एका उताराच्या तोंडाशी न्यावी लागते. डाव्या हाताला पाण्याच्या टाकीचा दगडी कठडा, तिथं बाया कळशा ठेवतात, मुलं खेळतात. मागची ती बाजू ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. म्हणून कंडक्टरनं खाली उतरून मागं उभं राहायचं. बारीक बारीक शिट्ट्या म्हणजे येऊ दे. एक लांब शिट्टी म्हणजे थांब. ड्रायव्हरनं त्या शिट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, असंच ते काम आहे.

अकरा दिवस सगळं नीट झालं. एकोणीस तारखेला सकाळच्या फेरीला गाडी घाटघरला पोचली. चिमाबाईनं भरलेली कळशी कठड्यापाशी ठेवली आणि ती भाकरी आणायला घरात गेली. जाताना पुन्हा प्रतीक्षाचंच काहीतरी कौतुक करून गेली. उज्ज्वला मागं जाऊन उभी राहिली. बारीक शिट्ट्या वाजवल्या. गाडी मागं येऊ लागली.

कठडा दोन हातांवर आला. मग एक हातावर.

"शिट्टी तोंडात व्हती, बाई," ती म्हणाली. "दात धरून व्हते. फुंकायची तेवढी राह्यली. मनात आलं, लागू दे एकदा. एकदा लागू दे हिला."

गाडी कठड्यावर आदळली. मागचा दिवा फुटला, पत्रा आत गेला, आणि कळशी गाडी आणि दगड यांच्यामध्ये सापडून पापडासारखी चपटी झाली. चिमाबाई भाकरी घेऊन बाहेर आली आणि तिनं बोंब मारली, "आगं माझी कळशी! माझ्या लेकीच्या लग्नातली कळशी! कोन देनार मला?"

प्रतीक्षा खाली उतरून मागं धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं आधी कठड्यामागं वाकून पाहिलं, कोणी माणूस आहे का. कोणी नव्हतं. मग ती तिथंच खाली बसली.

उज्ज्वला अजून शिट्टी धरूनच उभी होती. म्हातारी दोन मिनिटं आधी त्याच जागी उभी होती, हे तिला तेव्हा कळलं.

डेपोत परत आल्यावर गोरखनं दोघींना जबाब लिहायला कोरे कागद दिले. तोपर्यंत बातमी पोचली होती. फळ्यापाशी उभे असलेले ड्रायव्हर प्रतीक्षाला ऐकू जाईल असं बोलत होते. "पुढं जाताना बाई आन् मागं येताना आई गं!" असं एक जण म्हणाला. उज्ज्वलानं लिहिलं, 'मी प्रवासी उतरवत होते. गाडी मागे घेताना काय झाले ते मी पाहिले नाही.' सही केली, घरी गेली, आणि दादाभाऊला म्हणाली की डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी गोरखनं तिला बाजूला घेतलं. दोन्ही कागद त्याच्या हातात होते. "उज्ज्वलाबाई, तुमचं जुळंना. तुमी म्हनता पाह्यलंच न्हाई, आन् ती म्हनती तुमी मागं व्हता. वाचा. सायेबाकडं जायच्या आधी दोघी बसून जुळवून घ्या. न्हाईतरी पोरीनं आपल्या अंगावर घेतलंयच."

प्रतीक्षानं लिहिलं होतं, 'वाहक ताई नियमाप्रमाणे मागे उभ्या होत्या. त्यांच्या बारीक शिट्ट्या मला ऐकू आल्या. थांबण्याची शिट्टी त्यांनी दिली असणारच. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आली नाही. चूक माझी आहे.'

हा कागद वाचून उज्ज्वलाला लाज वाटली असेल, असं कोणालाही वाटेल. पण ती मला खोटं कधी सांगत नाही. तिला आधी राग आला.

"म्हंजे आता हे पन तिचंच?" ती म्हणाली. "ड्रायव्हर पन तीच, खोली पन तिची, भाकर पन तिची, आन् मोठं मन पन तिचंच? मला वाचवनारी ती कोन?"

ती तडक त्या विश्रांतीच्या खोलीत गेली. प्रतीक्षा आरशासमोरच्या बाकावर बसली होती. पुढं झालेलं बोलणं उज्ज्वलानं मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा शब्द तेच होते.

"हे कशाला लिवलंस?"

"काय ताई?"

"मी शिट्टी दिली म्हनून. तू ऐकलीस का?"

"नाही ऐकली. तेच तर लिहिलंय."

"मग न्हाई दिली असंल मी!"

प्रतीक्षानं मान हलवली. "असं कसं होईल ताई? बारा वर्षं तुम्ही त्या जागी उभ्या राहता. तुम्ही शिट्टी देणार नाही, हे होईलच कसं? माझेच कान. पपा म्हणायचे, मोठ्या गाडीत बसलं की कान मागं ठेवायचा. मी नाही ठेवला."

म्हणजे तिनं मोठेपणा दाखवलाच नव्हता. तिला खरोखर तसं वाटत होतं. उज्ज्वला दारात उभी राहिली. तिला भांडायचं होतं आणि भांडायला समोर काही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. सगळं सांगितलं, आत्ता मी लिहिलं त्याच क्रमानं. मी तिला काय कर ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "गप्प राहिलीस तर काय होईल?"

"तिची नोकरी जाईल, न्हाईतर लांबंल. माझं काय व्हनार न्हाई." मग म्हणाली, "आन् ती जलमभर म्हनत राहील, उज्ज्वलाताईची शिट्टी चुकत न्हाई. हे मला न्हाई सोसायचं, बाई. माझ्या कामाचं एवढं चांगलं अजून कुनी बोललं न्हाई, आन् ते नेमकं खोटं निघालं."

सकाळी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि दुसरा जबाब लिहिला. 'मी गाडीच्या मागे उभी होते. कठडा जवळ आलेला मला दिसत होता. शिट्टी माझ्या तोंडात होती. मी ती वाजवली नाही. चालकाची चूक नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. ते गोंधळले. ज्या जोडीचं त्यांना एवढं कौतुक होतं, तिचं हे झालं होतं. "उज्ज्वलाताई, कारण लिहावं लागेल. 'अनवधानाने' लिहा. शेवटी माणसाचं लक्ष जातं इकडंतिकडं. एवढ्यावर मिटेल."

"अनवधानानं न्हाई, सायेब. माझं पुरं ध्यान व्हतं."

"मग का नाही वाजवली?"

"मला तिचा हेवा वाटत व्हता." हे ती उभ्यानंच म्हणाली. मग तिनं चार अर्जांची तारीख-वार गोष्ट सांगितली, तबकाची सांगितली, फोटोतल्या हातांची सांगितली. "ह्याच्यामुळं केलं असं म्हनत न्हाई मी. केलं ते मीच केलं. पर तुमी कागद वाटला व्हता ना, दखल घेतली जाती का म्हनून? त्याच्यावर मी पाच लिवलं व्हतं. ते खोडा."

साहेबांनी जबाब तिच्यापुढं परत सरकवला. कारणाच्या जागी तिनं स्वतःच लिहिलं, 'हेव्यापोटी', आणि सही केली.

चौकशी झाली. तिची एक वेतनवाढ वर्षभरासाठी थांबली आणि घाटघर गाडी काढून घेतली गेली. शिक्षा योग्यच होती, असं मला वाटतं, तिलाही वाटतं. कठड्यापाशी माणूस असतं तर हे सगळं लिहायला माझा हात धजला नसता. चिमाबाईला तिनं नवी कळशी नेऊन दिली. म्हातारीनं ती घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "जुनी जड व्हती."

प्रतीक्षा जूनमध्ये कायम झाली. ती उज्ज्वलावर रागावली, आणि तो राग साधा नव्हता. दोन महिने ती तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस त्या खोलीत समोरासमोर आल्यावर म्हणाली, "ताई, माझी नोकरी गेली असती तर मी तुम्हाला माफ केलं असतं एक वेळ. पण ती म्हातारी तिथं उभी असती तर?" आता त्या दोघी कामापुरतं बोलतात. प्रतीक्षा तिला अजून ताई म्हणते. पण प्रत्येक वाक्यात नाही.

साहेबांनी नंतर जुन्या फायली मागवून ते अर्ज काढले. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ती खोली आधी कोणी आणि किती वेळा मागितली होती. उज्ज्वला त्या बैठकीला नव्हती. तिची तेव्हा ड्युटी होती. गोरखनं नंतर तिला सांगितलं, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यामुळं तिला ते धड खरंही वाटलं नाही. मी चौकशी केली. खरं होतं.

मागच्या महिन्यात ती आली होती. मी विचारलं, "हेवा गेला का गं?"

"कुठला जातोय," ती म्हणाली. "परवा ऐकलं, तिला नाशिकची गाडी दिली. घरी जाऊन पडून राह्यले. दादाभाऊला म्हनलं, आज भाजी तूच टाक."

आम्ही दोघी हसलो. मग तिनं घड्याळ बघितलं आणि उठली.

उज्ज्वला सध्या जुन्नर–मंचर गाडीवर आहे. तिची पहिली फेरी सकाळी सव्वासातला सुटते.